जिंकल्यातच जमा

आमच्या घरात 'हरणं' हा शब्द कुणी वापरत नसे. बाबांच्या मते आमचं मंडळ कधी हरलंच नाही, ते दरवर्षी थोडक्यात राहायचं. सतरा गुणांनी मार खाल्ला तरी थोडक्यात. सगळी पोरं बाद होऊन दोनदा लोण चढला तरी थोडक्यात. मोठी झाल्यावर मला कळलं की इतर घरांत या गोष्टीला दुसरा शब्द आहे, पण तोवर उशीर झाला होता. आजही माझी भाजी करपली की मी नातवंडांना सांगते, थोडक्यात राहिली.

महाल नावाच्या वस्तीतल्या आमच्या भाड्याच्या घराची पुढची खोली म्हणजे बाबांचं शिलाईचं दुकान आणि मागचं दार उघडलं की मैदान. त्या मैदानावर 'नवा उजेड क्रीडा मंडळा'ची पोरं रोज संध्याकाळी कबड्डी खेळायची. घरात दिवसभर मशीनची खडखड आणि दिवेलागणीपर्यंत "कबड्डी कबड्डी"चा घुमारा, या दोन आवाजांतच मी पाढे पाठ केले. पोरं कपडे बदलायला आमच्या दुकानात, पाणी प्यायला आमच्या माठावर आणि गुडघ्याला हळद लावून घ्यायला आईपुढे. बाबा स्वतः कधी खेळले नाहीत. त्यांना दम पुरत नसे, तिसऱ्या 'कबड्डी'ला ठसका लागायचा. पण मशीनवर बसून मागच्या दारातून ते प्रत्येक चढाई बघत, आणि एखाद्याच्या पायजम्याची शिवण वाकडी गेली की आम्ही समजायचं, आज सराव रंगला.

मंडळाच्या बनियन बाबाच शिवून देत. पाठीवर लाल दोऱ्यानं नंबर, आणि पौषातल्या स्पर्धेच्या आधी नंबराखाली आणखी एक शब्द, 'विजेता'. सामन्याच्या आधीच. आई म्हणायची, "अवो, अगोदर जिंकू तं द्या त्यायले." बाबा म्हणायचे, "जिंकल्यावर बक्षीस घेतानी पोट्टे काय कोऱ्या पाठीनं उभे राहतीन? आन् त्या गर्दीत मले मशीन कोण आणून देईन?" सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि आई दाराशी बसून ब्लेडनं तो शब्द उसवायचो. दोरा निघायचा, पण सुईची भोकं राहायची. उन्हात धरलं की सगळ्यांच्या पाठीवर 'विजेता' पुसट वाचता यायचं. बाबांना तेवढं पुरेसं होतं.

सामन्याच्या दिवशी आई पहाटेपासून विजयाच्या जेवणाला लागायची. वडाभात, कढी, वरून घालायला हिंग-मोहरी-लाल मिरचीचं कडकडीत तेल. भिजलेल्या डाळी पाट्यावर भरड वाटायचं काम माझं. वडे तळायला लागले की वास मैदानावर जायचा आणि बाबांच्या मते त्यानंच पोरांचं लक्ष विचलित व्हायचं. संध्याकाळी अंतिम सामना, समोर नेहमी हुडकेश्वरची पोरं. तेव्हाचं हुडकेश्वर म्हणजे शेतांच्या मधलं गाव. तिथली पोरं वखर धरून धरून अशी झालेली की त्यांनी घोटा धरला की तो सोडवायला पंचाला विनंती करावी लागे. दरवर्षी ती जिंकायची आणि दरवर्षी आमचा वडाभात खाऊनच सायकलवर टांग मारायची, कारण त्यांचा कप्तान गजामामा हा माझ्या आईचा सख्खा धाकटा भाऊ होता. बहिणीच्या दारावरून भाऊ उपाशी जाणार कसा? बाबा त्याला आग्रह करकरून वाढायचे आणि पुढच्या वर्षी कोणती पकड लावणार ते त्यालाच समजावून सांगायचे. आईला कुणी विचारलं, तू कुणाच्या बाजूची, तर ती म्हणायची, "जे भुके असतीन त्यायच्या."

घोटाळा झाला तो एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आखाजीला जावयाला आमरसाचं जेवण, म्हणून आम्ही सगळे हुडकेश्वरला आजोळी गेलो होतो. आजोळच्या आजोबांना आम्ही आबाजी म्हणायचो. त्यांच्या पंगतीत जावयाचं पान पहिलं. गजामामानं रस वाढता वाढता सहज काडी टाकली, "भाऊजी, दरसाल येता, दरसाल हरता. एखाद्या साली घरीच राहा ना गा, तुमाले आराम, आमाले आराम." पंगत हसली. बाबाही हसले. मग वाटी खाली ठेवून म्हणाले, "गज्या, पुढच्या साली तुमाले हरवतो आन् मंगच या गावच्या शिवेच्या आत पाय ठेवतो. तवरी नाई." रागानं नाही हं. उद्या बुधवार आहे असं सांगावं तसं. त्यांच्या हिशेबी आठ-नऊ महिन्यांचाच प्रश्न होता. आबाजी मात्र हसायचे थांबले, कारण ते दिलेल्या शब्दाला फार मानणारे होते. आणि आईनं माझ्या हाताला इतक्या जोरात धरलं की रस सांडला.

त्यानंतर बाबांनी सहा वर्षं हुडकेश्वरात पाय ठेवला नाही.

म्हणजे ते येत नसत असं नाही. येत, पण शिवेपर्यंत. नाल्यापलीकडं शिवेवरचा मारोती होता. तिथं ते सायकल थांबवायचे, आम्हाला उतरवायचे आणि मारोतीच्या ओट्यावर बैठक मारायचे. सोबत काज-बटणांचं काम आणलेलं असे. आई तणतणत गावात जायची आणि थोड्या वेळानं आजी तिच्याच हाती डबा देऊन परत पाठवायची. मग गजामामा यायचा, पत्ते घेऊन. मग आबाजी, पानाचा डबा घेऊन. दुपारपर्यंत अख्खं आजोळ शिवेवर बसलेलं आणि गावातल्या घरात एकटी म्हैस. जाणारे-येणारे विचारायचे, "काहून जवाई, अजून नाई जिंकले का?" बाबा दोरा दातानं तोडत म्हणायचे, "बस, या पौषात." मी आता त्याच हुडकेश्वरात फ्लॅट घेऊन राहते. मारोती आहे, एका औषधाच्या दुकानाच्या आणि मोबाइलवाल्याच्या मधे. शीव कुठली ते कुणालाच माहीत नाही. मी भाजी आणायला दिवसातून दोनदा ती ओलांडते आणि प्रत्येक वेळी मला आपण काहीतरी बेकायदा केल्यासारखं वाटतं.

हे असंच चाललं असतं आणि कुणाचं काही बिघडलं नसतं, पण सातव्या वर्षी सुमनमावशीचं लग्न ठरलं. मावशी म्हणजे आईची सगळ्यात धाकटी बहीण, आबाजींचं शेंडेफळ. सामना पौषात, लग्न माघात. आईच्या माहेरी रीत अशी की मांडवाची पहिली मेढ घरच्या थोरल्या जावयानं रोवायची. जावई एकच, आमचे बाबा. त्यांनी रोवल्याशिवाय मांडव उभा राहत नाही. आबाजी बाबांना "शब्द मोडा" म्हणणार नव्हते, कारण ते त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. आणि बाबा शब्द मोडणार नव्हते, कारण त्यांना गरजच वाटत नव्हती. "अवं, लग्न माघात हाये. पौषात तं आपण जिंकून राहिलो. चिंता कायची?" असं म्हणून ते मावशीच्या रुखवतासाठी झालर शिवायला बसले. आईला हसावं की रडावं कळेना. माहेरचा मांडव आपल्या नवऱ्यामुळं अडला असं गावानं म्हणायचं, ही टोचणी तिला रात्रंदिवस होती. एका शनिवारी तिनं मला मारोतीला नेलं, नारळ फोडला आणि डोळे मिटून पुटपुटली. मी ऐकलं. ती आपल्या सख्ख्या भावाच्या हरण्यासाठी नवस बोलत होती.

सामन्याच्या चार दिवस आधी भर दुपारी गजामामा एकटाच आला. बाबा कापड आणायला इतवारीत गेले होते. मामा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला, आईनं पुढं केलेल्या चिवड्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले आणि म्हणाला, "बाई, आबाजीनं सांगतलं हाये. या साली आमी पडतो."

आई डाळ निवडत राहिली.

"पोट्टे तयार नोयते. मी समजावलं त्यायले. सुमीच्या लग्नाचा सवाल हाये म्हटलं. मी पकडीत अडकतो, बाकीचे आपोआप ढिले होतीन."

"त्यायले समजलं तं?" आईनं विचारलं. 'त्यायले' म्हणजे बाबांना.

"भाऊजीले? त्यायले जिंकल्याच्या खुशीत घराचा रस्ता नाई समजणार." मामा माझ्याकडे वळला. "शाले, तू काई ऐकलं का?"

"नाई," मी म्हटलं. आम्ही जिंकणार होतो. जन्मात पहिल्यांदा जिंकणार होतो आणि ते मला आधीच माहीत होतं. शाळेत ते चार दिवस मी बाकावर स्वस्थ बसले नाही. मास्तरीणबाईंनी दोनदा विचारलं, पोटात जंत झाले का गं तुला.

सामन्याच्या दिवशी अख्खा महाल मैदानाभोवती. छपरांवर माणसं, झाडावर माणसं. आमच्या मागच्या दारात बायका आणि त्यांच्या पुढं स्टुलावर उभी मी. आबाजी पलीकडच्या बाजूला हुडकेश्वरच्या लोकांत, हातात काठी, चेहरा दगडासारखा. बाबा मध्यरेषेजवळच्या त्यांच्या नेहमीच्या जागेवर. सामना सुरू झाला आणि काय सांगू. पहिल्या चढाईला आमच्या मधूनं दोघांना शिवलं. मधू म्हणजे आमचा हुकमी चढाईवाला, किराणा दुकानात पुड्या बांधायचा, काडीसारखा. दुसऱ्या चढाईला आणखी एक. मध्यंतराच्या आत हुडकेश्वरवर लोण चढला. हुडकेश्वरवर! लोक वेडे झाले, टोप्या उडाल्या, कुणीतरी कढईच वाजवायला घेतली आणि ती आमचीच कढई होती. अकरा गुणांची आघाडी. मी स्टुलावर नाचत होते आणि नाचता नाचता माझं लक्ष बाबांकडे गेलं.

बाबा नाचत नव्हते. हाताची घडी घालून, मान थोडी तिरपी करून, ते गजामामाकडे बघत होते. एखाद्या गिऱ्हाइकाचं माप चुकल्याचा संशय आला की ते असेच बघत. मामाचा खेळ त्यांनी इतकी वर्षं असा पाठ केलेला की मामाच्या बायकोलाही नवरा तेवढा ठाऊक नसेल. डाव्या कोपऱ्यावर जायच्या आधी मामा मांडीवर थाप मारायचा, उजव्या पायानं लाथ टाकायची असली की ओठ चावायचा. त्या दिवशी थाप नाही, ओठ नाही. मध्यंतरानंतरच्या पहिल्या चढाईला मामा आला, उगाच इकडंतिकडं फिरला, आणि मधूनं त्याला मागून धरलं. मधूनं, ज्याच्यानं खुराड्यातली कोंबडी धरवत नव्हती. मामा खाली बसला आणि बसल्या बसल्या हात वर केला.

बाबा सरळ मैदानात शिरले. पंच शिट्टी फुंकत धावला, त्याच्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"गज्या, उठ. हे काय लावलं?"

"काय भाऊजी?" मामानं अंगावरची माती झटकली.

"तू खेळून काहून नाई राहिला?"

"खेळूनच तं राहिलो. तुमचे पोट्टे यंदा भारी हायेत."

"मधूनं तुले धरलं?" बाबा म्हणाले. "या मधूनं?" मधू बाजूलाच उभा होता, त्यानंही प्रामाणिकपणे मान खाली घातली. "सहा वर्सं त्या ओट्यावर मी बटणं लावत बसलो, ते या असल्या जिंकण्यासाठी? मले जिंकाचं हाये गा, गज्या. मले भीक नाई पायजे."

कढईवाला थांबला. गजामामानं पलीकडं आबाजींकडं बघितलं. आबाजींनी बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. मागच्या दारात माझ्या खांद्यावर आईचा हात होता. मला आबाजींना ओरडून सांगावंसं वाटलं, नाही म्हणा, नाही म्हणा.

"खेळ गा मंग," आबाजी म्हणाले.

पंचानं बाबांना बखोट धरून बाहेर काढलं, ती चढाई पुन्हा घ्यायला लावली. आणि गजामामानं मांडीवर थाप मारली.

पुढची वीस मिनिटं मी इतक्या वर्षांनीही डोळे मिटून पाहू शकते. हुडकेश्वर खऱ्या हुडकेश्वरासारखं खेळलं. आणि गंमत म्हणजे आमची पोरंही अशी खेळली जशी कधी खेळली नव्हती, कारण भीक म्हटलेलं त्यांनाही लागलं होतं. आघाडी अकराची सात झाली, सातची चार, चारची एक. मधूनं फुटक्या ओठानं चढाई केली. बाबा आता पाच वर्षांच्या पोरासारखे उड्या मारत होते, मामाच्या चढाईलाही टाळ्या, मधूच्या चढाईलाही टाळ्या. शेवटची शिट्टी झाली तेव्हा आम्ही तीन गुणांनी थोडक्यात राहिलो होतो. बाबा धावत दारात आले, मला स्टुलावरून उचलून गरागरा फिरवत म्हणाले, "शाले, तीन! गेल्या साली सतरा होते. तीन म्हंजे जिंकल्यातच जमा." आई आत निघून गेली. आतून भांड्यांचे आवाज यायला लागले.

पंगत बसली. एका ओळीत आमची पोरं, समोर हुडकेश्वरची, मधे आबाजी. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं. मांडव कसा उभा राहायचा ते सगळ्यांच्या मनात, आणि बोलायची कुणाची छाती नाही. एकटे बाबाच वडे वाढत वाढत खुशीत बोलत होते, मधूचा कोपरा, गजाची उडी, पुढच्या वर्षीचा डाव. "पुढच्या साली तं नक्कीच," ते म्हणाले.

आई तेलाची पळी घेऊन त्यांच्या पानापुढं उभी होती. "नक्की?" तिनं विचारलं.

"नक्की म्हंजे? सूर्य उगवते तसं."

"म्हंजे पुढच्या साली तुमी हुडकेश्वरात येणार."

"येणारच ना."

"काई शंका?"

"शंका कायची वं?"

"मंग जे होणारच हाये त्याच्यासाठी साल कायले थांबाचं?" आई म्हणाली. आवाज शांत होता, पळी हलत होती. "तुमी जिंकणार हे पक्कं असन तं माह्या बापाच्या दारात आताच या, मेढ रोवा. आन् नसान येत तं या पोट्ट्यायच्या समोर म्हणा, का तुमचा यायच्यावर भरोसा नाई."

मी अनेक वकील पाहिले, माझा मुलगाही वकील आहे, पण असा पेच मी पुन्हा पाहिला नाही. बाबांनी आबाजींकडं बघितलं, आबाजी कढी भुरकत होते. मग त्यांनी आपल्या पोरांच्या ओळीकडं बघितलं. सात फुटलेले गुडघे, मधूचा सुजलेला ओठ. सगळी पोरं हात थांबवून त्यांच्याकडंच बघत होती, आणि मला तेव्हाही दिसलं की त्यांना लग्नाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त ते ऐकायचं होतं.

"मधू," बाबा हळूच म्हणाले, "तुले काय वाटते?"

मधूनं तोंडातला घास गिळला. "जिंकतो ना काका आपण."

"झालं तं मंग," बाबा म्हणाले आणि पान पुढं सरकवलं. "तेल टाक वं."

मांडवाच्या दिवशी सकाळी मी सायकलच्या नळीवर, आई मागं कॅरिअरवर. नाला ओलांडला, मारोती आला, आणि सहा वर्षांच्या सवयीनं मी उतरायला पाय खाली सोडला. "पाय वर घे, शाले," बाबा म्हणाले आणि पायडल जोरात मारलं. मी मान वळवून बघितलं तर आईनं बाबांच्या पाठीला कपाळ टेकवलं होतं, भर रस्त्यात, बापाच्या गावात, लोक बघत असताना. गावाच्या तोंडाशी डफडंवाले उभे होते. आबाजींनी बाबांच्या डोक्यावर टोपी घातली, गळ्यात शेला घातला आणि जमलेल्यांना काठी आपटून सांगितलं, "जिंकून आला माहा जवाई. फक्त सामना बाकी हाये." गजामामानं त्यांना खांद्यावर घेतलं. बाबांनी मेढ रोवली ती थोडी वाकडी गेली, आणि ती तशीच राहू द्यावी असं सगळ्यांचं मत पडलं.

पुढच्या पौषात आम्ही बावीस गुणांनी हरलो. हो, हरलो, एवढं मी आज लिहून ठेवते. पंगत बसली. आमची पोरं माना खाली घालून, हुडकेश्वरची पोरं गालात हसत, आणि आई तेलाची पळी घेऊन बाबांच्या पानापुढं येऊन थांबली. बाबांनी भातावरचा वडा फोडला, वाफ निघू दिली आणि वर न बघताच म्हणाले, "काहून वं, संक्रांतीले हुडकेश्वरले किती वाजता निघाचं?"